म्हाताऱ्या गिनी पिगचं ऑपरेशन : करायचं की नाही?

(हे व्याख्यान आम्ही दोघांनी मिळून, आलटून पालटून बोलत दिलं. त्यामुळे शब्दांकनात सगळीकडे 'आम्ही' ठेवलं आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही पशुवैद्य नाही. आमच्यापैकी एक जण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि दुसरा बँकेत नोकरी करतो. पण आमच्या घरी बरीच वर्षं गिनी पिग आहेत, आणि त्यातली एक, बुंदी, हिच्या म्हातारपणात आमच्यावर दोनदा अशी वेळ आली की ऑपरेशन करायचं का नाही हे ठरवायचं होतं. एकदा आम्ही 'हो' म्हटलं, एकदा 'नाही'. दोन्ही वेळा आमच्याकडे माहिती कमी होती आणि वेळ त्याहून कमी. तेव्हा जे आम्हाला कुणी एका ठिकाणी बसून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते आज तुम्हाला सांगणार आहोत.

म्हातारपण कधी सुरू होतं?

गिनी पिग साधारण ५ ते ८ वर्षं जगतो. म्हणजे ४ वर्षं उलटली की तो आपल्या हिशोबात ज्येष्ठ नागरिक. गंमत अशी की बाहेरून काहीच दिसत नाही. कुत्र्याचं तोंड पांढरं होतं, चाल मंदावते. गिनी पिग मात्र शेवटपर्यंत तसाच गुबगुबीत, केसाळ गोळा दिसतो. केसांच्या आत तो निम्मा झाला तरी आपल्याला कळत नाही.

याचं कारण त्याच्या स्वभावात आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला प्राणी. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला, तोही मांसासाठी. निसर्गात तो कुणाचं तरी भक्ष्य. भक्ष्य असलेला प्राणी आजारी आहे असं दाखवत नाही, कारण जो लंगडतो तो आधी पकडला जातो. म्हणून गिनी पिग दुखणं लपवतो, आणि आपल्याला दिसतं तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

यावर उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. दर रविवारी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. म्हाताऱ्याचं दिवसाआड केलं तरी चालेल. प्रौढ गिनी पिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. त्यात ५० ग्रॅम कमी झाले तर लक्ष ठेवायचं, आणि दहा टक्के कमी झालं तर 'बघू दोन दिवस' असं म्हणायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. आमच्या हातात ही वही नसती तर आज ही गोष्ट फार लवकर संपली असती.

आतून हा प्राणी कसा चालतो

ऑपरेशनचा निर्णय समजून घ्यायचा तर या प्राण्याच्या तीन गोष्टी माहीत हव्यात.

पहिली, दात. गिनी पिगला २० दात असतात. पुढे ४ पटाशीचे आणि मागे १६ दाढा. हे सगळेच्या सगळे आयुष्यभर वाढत राहतात. गवत चावून चावून ते झिजतात, म्हणून प्रमाणात राहतात. गवत कमी पडलं, किंवा दुखण्यामुळे चावणं थांबलं, की दाढा वाढतात. खालच्या दाढा आतल्या बाजूला झुकतात आणि जिभेवर कमान करतात. मग जीभ अडकते, घास गिळता येत नाही. प्राणी वाटीपाशी येतो, तोंड लावतो आणि मागे जातो. घरचे म्हणतात, 'नखरे करतोय.' नखरे नसतात, त्याला भूक असते आणि खाता येत नसतं.

दुसरी, आतडं. याच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी एक मोठी पिशवी असते. तिथे जंतू गवत आंबवतात आणि त्यातून त्याला पोषण मिळतं. काही मऊ लेंड्या तो परत खातो, तेही याच व्यवस्थेचा भाग आहे, किळस करू नका. ही भट्टी सतत पेटती लागते. आपण एक दिवस उपास केला तर काही बिघडत नाही. गिनी पिगने १२ ते २४ तास खाल्लं नाही तर आतडं मंदावतं, गॅस धरतो, आणि मूळ आजार बाजूला राहून तो यानेच जाऊ शकतो. म्हणून 'खात नाही' हे याच्या बाबतीत तातडीचं लक्षण आहे.

तिसरी, क जीवनसत्त्व. बहुतेक प्राणी ते शरीरात तयार करतात. माणूस आणि गिनी पिग करू शकत नाहीत. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या दोघांनी गिनी पिगना फक्त धान्य खायला घातलं आणि त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला. त्यातून पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला. आपल्या घरातल्या प्राण्यापुरता याचा अर्थ असा, की क जीवनसत्त्व कमी पडलं तर हिरड्या, सांधे दुखतात आणि जखम भरत नाही. ऑपरेशन झालेल्या प्राण्याची जखम भरलीच पाहिजे.

बुंदीचं दुखणं

आता आमची गोष्ट. बुंदी आणि जिलबी या दोघी बहिणी. क्रॉफर्ड मार्केटमधून ८०० रुपयांना एक अशा आणल्या होत्या. बुंदी सव्वापाच वर्षांची होती तेव्हा एकदा चादरीवर गुलाबी डाग दिसला. आदल्या दिवशी बीट दिलं होतं, म्हणून आम्ही म्हटलं, बिटाचाच असणार. दोन दिवसांनी परत डाग. आणि लघवी करताना ती पाठ वाकवून बारीक चिरकायची. आम्हाला वाटलं गवत मागतेय. चौथ्या दिवशी रविवार होता. काट्यावर ठेवली, तर ९४० ची ८७० झाली होती.

ते चार दिवस आम्हाला अजून टोचतात. म्हणून तुम्हाला सांगतो. गिनी पिगची लघवी मुळात गढूळ, पांढुरकी असते. ती वाळून पांढरी भुकटी राहिली तर घाबरू नका. पण गुलाबी किंवा लाल डाग, लघवीला बसताना चिरकणं, पाठ वाकवून बसणं, सारखं थोडं थोडं होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. डाग बिटाचा की रक्ताचा हे लघवीच्या साध्या तपासणीत कळतं. वय झालेल्या मादीत रक्त गर्भाशयातूनही येऊ शकतं, तेही डॉक्टरच सांगू शकतात.

आम्ही गेलो ते डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे होते. माणूस चांगला. त्यांनी जंतुसंसर्ग धरून ॲमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं. रात्री नऊला त्यांचाच फोन आला. "ते औषध दिलंत का अजून? देऊ नका. मी पुस्तक बघितलं." आम्ही बाटली अजून फोडली नव्हती.

हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, म्हणजे ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, आणि शिवाय क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही पोटातून दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत जातो. पेनिसिलिन गिनी पिगला घातक आहे हे १९४३ पासून माहीत आहे. १९४० साली ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी पेनिसिलिन आधी उंदरांवर वापरून पाहिलं. त्या दिवशी पिंजऱ्यात गिनी पिग असते तर कदाचित हे औषध विष म्हणून बाजूला पडलं असतं. गिनी पिगला एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी औषधं चालतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. तुम्ही फक्त औषधाचं नाव विचारा. विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. आमच्या डॉक्टरांनी स्वतःहून फोन केला, याबद्दल आम्ही त्यांचे कायमचे ऋणी आहोत.

त्यांनीच आम्हाला गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, ससे आणि पक्षी बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. तिथे एक्स-रे झाला आणि मूत्राशयात पांढराशुभ्र खडा दिसला. ७ मिलिमीटर. सोनोग्राफीत आणखी एक गोष्ट निघाली. दोन्ही अंडाशयांवर पाण्याच्या गाठी.

म्हाताऱ्या गिनी पिगची नेहमीची दुखणी

इथे जरा थांबून यादी सांगतो, म्हणजे तुम्हाला घरी ओळखता येईल.

मूतखडा. गिनी पिगचे खडे बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. एक्स-रेमध्ये ते स्पष्ट दिसतात. कुत्र्यांमधले काही खडे खास आहाराने विरघळतात, हे विरघळत नाहीत. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे लहान खडा कधी आपोआप पडतो किंवा डॉक्टर भूल देऊन काढतात. नरात खडा अडकला आणि लघवी थांबली तर ती आणीबाणी असते, रात्र काढायची नाही.

अंडाशयाच्या गाठी. वय झालेल्या माद्यांमध्ये या फार आढळतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळतात, पोट बाजूंनी फुगतं, कधी चिडचिड वाढते. सुईने पाणी काढता येतं, पण ते परत भरतं. काही गाठींवर हार्मोनची इंजेक्शनं चालतात. कायमचा उपाय म्हणजे अंडाशय आणि गर्भाशय काढणं.

अंगावरच्या गाठी. पाठीवर, ढुंगणाच्या जरा वर येणारी गाठ बऱ्याचदा केसांच्या मुळाची, साधी असते. स्तनाची गाठ मात्र नरांतसुद्धा येते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करायचं नाही. कुठलीही गाठ असली तरी डॉक्टर सुईने थोडे पेशीद्रव्य काढून तपासू शकतात.

म्हाताऱ्या नरांची एक वेगळी अडचण. मागच्या स्नायूंची ताकद जाते आणि मऊ लेंड्या गुदद्वाराजवळच्या पिशवीत साठून गोळा होतो. तो रोज कोमट पाण्याने आणि थोड्या तेलाने हळूच साफ करावा लागतो. हे ऑपरेशनचं काम नाही, घरच्यांचं काम आहे. कधीकधी आयुष्यभराचं.

याशिवाय तळपायाला पडणारे फोड, संधिवात, मोतीबिंदू, हृदय आणि मूत्रपिंडाचे आजार. यातल्या बहुतेकांवर ऑपरेशन नसतं. मऊ अंथरूण, कमी उंचीची वाटी, वेदनाशामक औषध आणि नखं वेळेवर कापणं यावरच भागवावं लागतं.

धोका किती?

डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितलं, "खडा काढायला हवा. पण भूल देणं हा यात मोठा भाग आहे, चीर नव्हे." तेव्हा आम्ही आकडे शोधले. ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक दवाखान्यांची मोठी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. भूल दिल्यानंतर ४८ तासांच्या आत दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४, सशांत १.३९ आणि गिनी पिगमध्ये ३.८० टक्के निघालं. म्हणजे १०० मागे जवळजवळ ४. कुत्र्याच्या वीसपटीहून जास्त.

पण हा आकडा नीट वाचायला हवा. तो धडधाकट आणि आजारी, तरुण आणि म्हातारे सगळे धरून आहे. आधीच खंगलेल्या प्राण्याला धोका वाढतो, हे उघड आहे. दुसरीकडे १०० पैकी ९६ उठतात, हेही त्याच आकड्यात आहे.

धोका का जास्त? गिनी पिगचं तोंड नीट उघडत नाही. त्याचा टाळू जिभेच्या मुळाशी जोडलेला असतो आणि मध्ये फक्त एक लहान भोक असतं, त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणं अवघड. बहुतेक वेळा तोंडावर मास्क लावून भूल देतात. अंग लहान, त्यामुळे ते झटकन थंड पडतं. पोटावरचे केस काढले, स्पिरिट लावलं की आणखी थंड. आणि शेवटचं कारण म्हणजे आतडं. ऑपरेशन उत्तम झालं, प्राणी जागा झाला, पण खायला लागला नाही, तर तिसऱ्या दिवशी जातो. म्हणून अर्धं ऑपरेशन टेबलावर होतं आणि अर्धं घरी.

निर्णय कसा घेतला

घरात दोन पक्ष पडले. आमच्या आईंनी विचारलं, "८०० रुपयांचं जनावर, १८,००० रुपयांचं ऑपरेशन. आणि वर म्हातारं. काय करताय काय?" प्रश्न रोखठोक होता आणि आम्ही तो उडवून लावला नाही. ज्याला एवढा खर्च परवडत नाही त्याचं आपल्या प्राण्यावर प्रेम कमी आहे, असं कुणी समजू नये. आम्हालाही हप्ता पुढे ढकलावा लागला. पण 'म्हातारं आहे' हे कारण आम्हाला पुरेसं वाटलं नाही. म्हणून आम्ही कागदावर चार प्रश्न लिहिले.

ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? खडा विरघळणार नव्हता. प्रत्येक लघवीला ती चिरकत होती, म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा. वेदनाशामकावर काही आठवडे गेले असते, पण दुखणं राहिलंच असतं. आणि उशीर झाला की ती आणखी खंगणार आणि भुलेचा धोका वाढणार.

बाकी शरीर कसं आहे? हृदय ठीक. दाढा ठीक. रक्ततपासणीत मूत्रपिंड ठीक. वजन उतरलं होतं, पण ती अजून स्वतः खात होती. वयापेक्षा या चार गोष्टी जास्त बोलतात. सव्वापाच वर्षांची खाणारी गिनी पिग ही तीन वर्षांच्या न खाणाऱ्या गिनी पिगपेक्षा ऑपरेशनला बरी.

करणाऱ्याचा हात कसा आहे? आम्ही डॉक्टरबाईंना सरळ विचारलं, अशी ऑपरेशनं किती केलीत? त्या म्हणाल्या, "सहा. पाच उठल्या, एक नाही." हे उत्तर ऐकून आमचा विश्वास वाढला. आणखी विचारा : भुलेवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस असेल का? अंग गरम कसं ठेवणार? वेदनेवर काय देणार?

घरी कोण बसणार? पुढचे सात दिवस रात्री उठून भरवावं लागणार होतं. दोघांनी मिळून रजा टाकली. हे जमणार नसतं तर आम्ही ऑपरेशन ठरवलंच नसतं.

गाठींचं काय, हाही प्रश्न होता. पोट उघडलंच आहे तर तेही काढून टाकावं, असं आम्हाला वाटलं. डॉक्टरबाई नको म्हणाल्या. गाठी तेव्हा त्रास देत नव्हत्या आणि त्या काढायच्या तर भूल आणखी लांबली असती. 'जमलंच तर हेही' म्हणून वेळ वाढवायचा नाही, असं त्यांचं मत. आम्ही मान्य केलं.

ऑपरेशन आणि पुढचे दिवस

माणसाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, कारण भुलेत उलटी होऊन ती श्वासात जाऊ शकते. गिनी पिगला उलटी होतच नाही. त्याला रात्रभर उपाशी ठेवलं तर साखर उतरते, आतडं थांबतं. म्हणून फक्त तासाभर आधी खाणं काढतात आणि भूल देण्याआधी तोंडातला राहिलेला चघळा धुऊन काढतात. कुणी तुम्हाला 'रात्री दहानंतर काही देऊ नका' असं सांगितलं, तर एकदा परत विचारून खात्री करा.

जाताना आम्ही जिलबीलाही बरोबर नेलं. बहीण शेजारी असली की दोघी शांत असतात आणि परत आल्यावर वास अनोळखी वाटून भांडण होत नाही. ऑपरेशन ४० मिनिटं चाललं. पोटावर छोटी चीर, मूत्राशय उघडून खडा काढला, आत धुतलं, टाके घातले. खडा आम्हाला डबीत घालून दिला. हरभऱ्याएवढा, वरून खरखरीत. एवढ्याशा प्राण्याच्या पोटात तो धरून ती गवत खात होती.

घरी आणल्यावर पहिली रात्र कठीण गेली. ती कोपऱ्यात केस फुलवून बसली. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवली, पण अशी की नको असेल तर तिला दूर सरकता यावं. पेलेट कोमट पाण्यात भिजवून, वाटून, बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजने दर दोन-तीन तासांनी भरवत होतो. गालाच्या बाजूने, थोडं थोडं, तिने चावून गिळल्यावर पुढचं. घाईने तोंडात पिचकारी मारली तर अन्न श्वासात जातं. डॉक्टरबाईंनी दिवसाला साधारण ५० मिली सांगितलं होतं. पहिल्या रात्री १५ गेलं.

वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम होतं. वेदनाशामक टाळू नका. दुखत असेल तर प्राणी खात नाही, खात नाही म्हणून आतडं थांबतं. इथे वेदनाशामक हे आतड्याचंही औषध आहे. मात्र मात्रा डॉक्टरांचीच, माणसांच्या गोळीचा तुकडा नाही.

आणि लेंड्या मोजायच्या. हो, मोजायच्या. आतडं चालू आहे का, हे सांगणारं दुसरं काही घरी नसतं. पहाटे साडेचारला टॉवेलवर तीन बारीक, वाकड्या लेंड्या दिसल्या. आम्ही शेजारच्या खोलीत जाऊन आईंना उठवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि सकाळी स्वतः कोथिंबीर निवडून घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी बुंदीने त्यांच्या हातून ती ओढून घेतली. सहाव्या दिवशी सिरिंज थांबली. महिनाभराने वजन ९२० होतं.

दुसऱ्यांदा

ती त्यानंतर चौदा महिने जगली, आणि ते दिवस चांगले गेले. मग वहीतले आकडे पुन्हा उतरायला लागले. पाणी जास्त पिऊ लागली. तपासलं तर मूत्रपिंडं थकली होती आणि मूत्राशयात पुन्हा खडा होता. खडे परत होतात, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. नेमकं कारण एकच नसतं. आपण पाणी भरपूर ठेवू शकतो, लसूणघासासारखा जास्त कॅल्शियमचा चारा प्रौढांना टाळू शकतो, साधं वाळलेलं गवत देऊ शकतो. तेवढं केलं तरी काहींना होतातच.

आम्ही तेच चार प्रश्न परत काढले. या वेळी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळं होतं. वजन ७१०, मूत्रपिंडं खराब, स्वतःहून खाणं अर्ध्यावर. भुलेतून ती उठली असती तरी पुढे काय? खडा निघाला असता, मूत्रपिंडं तीच राहिली असती. आम्ही 'नाही' म्हटलं.

'नाही' म्हणजे उपचार बंद, असं नाही. तीन आठवडे वेदनाशामक, कातडीखाली सलाईन, भरवणं सुरू होतं. रोज रात्री वहीत तीन गोष्टी लिहायचो. स्वतःहून खाल्लं का? जिलबीजवळ जाऊन बसली का? हातात घेतल्यावर अंग सैल सोडलं का? सलग तीन दिवस तिन्हींना 'नाही' आलं. ज्या दिवशी तिने आईंच्या हातची कोथिंबीरही घेतली नाही, त्या दिवशी आम्ही डॉक्टरबाईंना फोन केला. आधी भूल दिली, ती झोपली, मग शेवटचं इंजेक्शन. जिलबीला तिच्याजवळ थोडा वेळ राहू दिलं. तिने वास घेतला, कान चाटला आणि गवताकडे गेली.

आम्हाला पुष्कळदा विचारतात, कुठला निर्णय बरोबर होता? आम्हाला वाटतं, दोन्ही. पहिल्या वेळी दुखणं काढता येण्यासारखं होतं आणि शरीर सोसणारं होतं. दुसऱ्या वेळी तसं नव्हतं. प्राणी तोच, खडा तसाच, उत्तर वेगळं.

श्रोत्यांचे प्रश्न

*क जीवनसत्त्व किती आणि कसं द्यायचं?*

किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. आजारपणात डॉक्टर वाढवून देतात. ढोबळी मिरचीचा तुकडा आणि कोथिंबीर यांतून बरंच मिळतं. थेंब द्यायचे तर सिरिंजने तोंडात द्या. पाण्याच्या बाटलीत घालू नका, ते काही तासांत निकामी होतं आणि चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच कमी पितो.

*उन्हाळ्यात ऑपरेशन करावं का? आम्ही नागपूरला राहतो.*

तातडीचं असेल तर थांबू नका. पण ३० अंशांच्या वर गिनी पिगला उष्माघाताची भीती असते, म्हाताऱ्याला तर जास्तच. सकाळची वेळ घ्या, प्रवासात पेटी गार ठेवा, खोलीत कूलर किंवा एसी लावा, फक्त वारा थेट अंगावर नको. साधी, न दुखणारी गाठ असेल तर डॉक्टरांना विचारून पाऊस पडेपर्यंत थांबता येतं.

*एक गेल्यावर दुसरा एकटा राहिला तर?*

हा कळपाचा प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००८ च्या नियमांनुसार गिनी पिग एकटा ठेवता येत नाही. आपल्याकडे तसा नियम नाही, पण प्राणी तोच आहे. आम्ही पंधरा दिवस थांबलो, जिलबी खाते-पिते ना ते पाहिलं आणि मग एका कुटुंबाला नको झालेली तीन वर्षांची मादी आणली. आधी शेजारी शेजारी जाळीपलीकडे ठेवली, मग एकत्र. अगदी पिल्लू आणू नका, म्हाताऱ्याला त्याचा दंगा सोसत नाही.

*गिनी पिगवर इतका खर्च करण्यापेक्षा दुसरीकडे पैसे द्यावेत असं नाही वाटत?*

वाटतं, आणि ज्याने त्याने आपापलं ठरवावं. एवढंच सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत प्लेग होता, तेव्हा परळच्या प्रयोगशाळेतले संशोधक प्लेग झालेल्या घरांत गिनी पिग सोडत. उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर चढत, आणि प्लेग पिसवांमुळे पसरतो हे सिद्ध व्हायला त्याचा उपयोग झाला. त्यातले काही गिनी पिग प्लेगने मेले. त्यांच्या कुळातल्या एकीसाठी आम्ही सात रात्री जागलो, तर फार केलं असं आम्हाला वाटत नाही.

वेळ संपली आहे. घरी गेल्यावर एकच करा. काटा काढा, तुमच्या प्राण्याचं वजन करा आणि आजची तारीख घालून लिहून ठेवा. आणि गुलाबी डाग दिसला, तर बिटाला दोष देत बसू नका.